मशेरीचं बोट

सुनेला मी एकदा खोटं सांगितलं, आणि ते सांगायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही. नुसती हसले. त्या हसण्याची भीती पुढे दीड महिना पोटात बसून होती. अजूनही ती पुरती उठलेली नाही, जरा सरकून बसली आहे इतकंच.

आधी माझं व्यसन सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी मशेरी लावते. पहिल्या बाळंतपणात दाढ धरली तेव्हा सासूबाईंनी आपल्या डबीतली चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "घास, दोन दिवसांत जाते." दाढ गेली, मशेरी राहिली. धुळ्याकडून सुरतेला आलो, लिंबायतच्या एका खोलीतून दोन खोल्यांत आणि दोनातून तीनात आलो, तरी डबी बरोबरच. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, पावडरच्या रिकाम्या डबीत भरायचं. दुपारी घर रिकामं झालं की चिमूट डाव्या तळहातावर, उजव्या हाताचं पहिलं बोट त्यात, आणि मग दहा मिनिटं मला कोणी राणीपद दिलं तरी नको असायचं.

दात काळपट का, असं कुणी विचारलं तर मी बोअरच्या पाण्याला दोष द्यायची. बोअरला तोंड नसतं.

मग घरात सून आली. नंदुरबारकडची, शिकलेली, झाडांवर पीएचडी करणारी. मुलगा कामरेजच्या एका कारखान्यात सुपरवायझर, सकाळी सातला जातो तो रात्रीच उगवतो. म्हणजे दिवसभर घरात मी, आमचे हे, आणि मधूनच येणारी ही हुशार मुलगी. तिच्यासमोर मला चांगलं दिसायचं होतं. सासू चांगली दिसण्यात अर्धा वेळ जातो, असणं नंतर बघता येतं. मी डबी गव्हाच्या कोठीत लपवली.

धोका एकच होता, आमचे हे. तीस वर्षं लूमवर उभं राहून ह्यांचे कान गेले. खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, खडखडाटात एकमेकांना ओरडूनच सांगावं लागतं, तशी जन्माची सवय. ह्यांना कुजबुज करताच येत नाही. एकदा सून आंघोळीला गेली असताना ह्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून मला हळूच म्हणून विचारलं, "काय वं, तुनी डबी कोठे शे?" ते हळूच शेजारच्या दोन घरांत ऐकू गेलं. मी कुकरच्या डबीबद्दल काहीतरी मोठ्याने बोलले आणि ह्यांना डोळ्यांनी भाजून काढलं.

तर हे असं चाललं होतं, आणि थंडीत सुनेच्या कॉलेजातली रोपं वाढवायची खोली बिघडली. त्या खोलीत कायम एकसारखा गारवा आणि उजेड लागतो म्हणे. यंत्राचा भाग बाहेरून यायचा होता, कधी येईल कुणाला माहीत नव्हतं. तिच्याकडे वेळ नव्हता. तीन वर्षांच्या कामातला शेवटचा तुकडा उरला होता आणि मुदत संपत आली होती. तिने आपल्या गाइड मॅडमची परवानगी काढली आणि बियांची पुडी घेऊन घरी आली. आमची मागची खोली उत्तरेची, उन्हाळा सोडला तर थंड. ह्यांनी जुन्या रॅकला ट्यूबलाइट बांधून दिल्या. खाली ट्रे, वर उजेड. एखाद्या नवजात बाळाची खोली करावी तशी खोली झाली.

बी खसखशीपेक्षा बारीक. बोटावर घेतलं तर श्वासाने उडेल.

"ही साधीच रोपं आहेत आई," ती म्हणाली. "आमचं काही अजून त्यांच्यात घातलेलं नाही. ते सगळं लॅबमध्ये. इथे फक्त नीट वाढवायची. तंबाखूच्या नात्यातली आहेत."

तंबाखू म्हटल्यावर माझं बोट आपोआप पदराआड गेलं.

"त्यामुळे एक विचारते. घरात तंबाखू कुणी खात नाही ना? बाबा?"

"ह्यांनी? ह्यांनी कधीच सोडली. मुलाच्या दहावीला."

"आणि कुणी?"

"आणि कोण? मी?" म्हणून मी हसले.

तीही हसली. तेच ते हसणं.

मग तिने कारण सांगितलं. तंबाखूच्या पानात एक रोग असतो. पान सुकलं, कुटलं, पुडीत भरलं तरी तो वर्षानुवर्षं मरत नाही. खाणाऱ्याच्या बोटावरून रोपाला लागतो. माणसाला काही करत नाही, पण ह्या रोपांना लागला की पसरतो. मी मान डोलावत ऐकलं आणि मनात म्हटलं, माझी मशेरी तर कोळशासारखी जळलेली, तिच्यात कोण जगणार? हे मी इतक्या खात्रीने म्हटलं की स्वतःलाच पटलं.

पण एक गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नाही. सून आता रोपं बघायला दुपारी कधीही घरी टपकायची. तव्यावर तंबाखू भाजली की वास जिन्यापर्यंत जातो, खोकला वेगळा. म्हणून मी भाजणं बंद केलं होतं. उतरायणाच्या आधी गच्ची मोकळी होती, पतंगवाले अजून चढले नव्हते. मी पापडांच्या कापडाखाली तंबाखूची पानं उन्हात वाळवली आणि तशीच कच्ची कुटून डबीत भरली. लावायला जरा जहाल, पण वास नाही. माझ्या हुशारीचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

रोपांना चार पानं फुटली की ती एकेक करून छोट्या कपात लावायची असतात. सुनेची लॅबमधली मुलं चिमट्याने करतात, निम्मी मोडतात. तिने मला दाखवलं, देठाला हात लावायचा नाही, पानाच्या टोकाला धरून उचलायचं. मी तर मेथी निवडून म्हातारी झालेली. दोन दुपारींत साठ रोपं लावली, एकही मोडलं नाही. ती बघतच राहिली.

"आई, तुमच्या हाताला गुण आहे!"

हात मी धुतला होता. पहिले तीन दिवस साबणाने, तिच्या देखत. नंतर नुसता पाण्याखालून काढायची. मशेरीनंतर आपण बोट पदराला पुसतो आणि झालं, असंच तर आयुष्यभर चाललेलं.

संध्याकाळी ती मला आणि ह्यांना तिचं काम समजावून सांगायची. ह्यांना समजावणं म्हणजे सगळ्या गल्लीला समजावणं, कारण ती ओरडून सांगायची आणि हे ओरडून विचारायचे. "बाबा, खात्यात मूळ डिझाइन कुठे असतं?"

"शेठच्या कपाटात! कारागिराला कोण देतं?"

"मग कारागिराला काय मिळतं?"

"नक्कल."

"तसंच पेशीत असतं. मूळ डिझाइन कपाटात बंद. त्याची नक्कल निघते, ती नक्कल बाहेर जाते, आणि जिथे माल विणायचा तिथे पोचते. त्या नकलेला आरएनए म्हणतात. मी फक्त एवढंच बघते की ती नक्कल कुठून निघते, कुठल्या वाटेने जाते, कुठे जाऊन थांबते. पान जिवंत असताना."

"दिसतं कसं पण?" मी विचारलं.

"तशी दिसत नाही. नकलेला आम्ही एक शेपूट जोडतो. त्या शेपटीला चिकटणारा हिरवा दिवा पेशीत सोडतो. दिवा हलला म्हणजे नक्कल हलली."

ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "आणि कुणी खोटी नक्कल घुसवली तर?"

सून टाळी वाजवून हसली. "बाबा, तोच तर रोग! रोग म्हणजे दुसरं काही नाही, बाहेरची नक्कल. आत शिरते आणि सगळ्या लूमवर स्वतःचाच माल विणायला लावते. पेशींच्या भिंतींना बारीक खिडक्या असतात, त्या रुंद करून पुढच्या खात्यात जाते. मग त्याच्या पुढच्या."

मी भाकरी थापत होते. माझ्या हातातली भाकरी फाटली.

पाच आठवड्यांची झाल्यावर तिने त्यातली चांगली वीस रोपं कॉलेजात नेली. बाकीची घरीच, लागली तर असावीत म्हणून. चौथ्या दिवशी दुपारी तीनला ती धावतच जिना चढली. आल्या आल्या माझे दोन्ही हात धरले.

"आई, जातेय! भिंत ओलांडून जातेय!"

तिची एक नक्कल होती, जी ज्या पेशीत निघते तिथेच राहणार असं सगळ्यांना वाटत होतं. गेल्या वर्षीच्या रोपांत ती राहिलीही होती. ह्या रोपांत हिरवे ठिपके भिंतीशी जमा होऊन शेजारच्या पेशीत शिरताना दिसत होते. मॅडमनी दोनदा बघितलं. पुढच्या सोमवारी पीएचडीच्या समितीसमोर दाखवायचं ठरलं. "गेल्या वर्षीची रोपं माझ्या हातची होती, मरतुकडी. ह्या वेळची तुमच्या हातची. जोमदार आहेत म्हणून दिसलं असणार."

माझे हात अजून तिच्या हातात होते. मला ते काढून घेता येईनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीत पाणी घालायला गेले. खालच्या ट्रेमधल्या एका रोपाचं वरचं कोवळं पान मला जरा सुरकुतलेलं वाटलं. उजेडाशी धरलं. पानावर फिकट, गडद, फिकट, गडद असे डाग. धुतलेल्या कपड्यावर दुसऱ्या कपड्याचा रंग लागावा तसे. शेजारचं बघितलं. त्यालाही.

माणूस घाबरला की शहाणपणाने वागत नाही, मी तर त्यातली पदवीधर. मी काय केलं? डागाळलेली पानं खुडली. दोन बोटांनी, एकेक करून, सगळ्या ट्रेमधून. खुडलेली पानं वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि वर भाजीची सालं टाकली. म्हणजे ज्या बोटांनी रोग लावला असेल त्याच बोटांनी तो घरोघर वाटला. हे मला दोन दिवसांनी कळलं, जेव्हा बाकीचीही डागाळायला लागली.

त्या दिवसांत मी हात इतके धुतले की ह्यांच्याही लक्षात आलं. "कितला घासशी? हात शेतस का भांडा?"

"हळू बोला."

"हळूच बोली ऱ्हायनू!" हे गरजले.

रोग माणसाला लागत नाही असं तिने सांगितलं होतं, तरी मी रोज दंडावर, मानेवर डाग शोधायची. एके ठिकाणी एक सापडलाही. तो जन्मापासून होता. आणि ह्या सगळ्यात दुपारी डबी? डबी चालूच होती. उलट जास्तच. भीतीला दुसरं औषध मला माहीतच नव्हतं.

मनाशी हिशोब असा होता. सांगितलं तर माझी लाज जाणार, सुनेच्या नजरेतून उतरणार. नाही सांगितलं तर सोमवारी ती चार मोठ्या लोकांसमोर उभी राहून म्हणणार की तिने नवीन काही शोधलं, आणि ते असणार माझं मशेरीचं बोट. आज ना उद्या कुणाला कळणार. तेव्हा ती खोटी ठरणार, मी नाही. मला तर कुणी विचारणारही नाही. ह्याचीच मला जास्त भीती वाटायला लागली, की मला कुणी विचारणारच नाही.

गुरुवारी ती म्हणाली, "आई, चला आज. तुमची रोपं तुम्हाला दाखवते. समितीच्या आधी तुम्ही बघायला हवीत."

रिक्षात ती सोमवारी कुठली साडी नेसू ते विचारत होती. मी हो हो म्हणत होते. मला वाटत होतं, रिक्षा बंद पडावी. सुरतेतल्या रिक्षा नको तेव्हा कधी बंद पडत नाहीत.

मायक्रोस्कोपची खोली काळीकुट्ट होती. दाराला काळा पडदा, एसीची थंडी, मधे कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. तिने पानाचा नखाएवढा तुकडा काचेवर ठेवला, काहीतरी फिरवलं, आणि म्हणाली, "बघा."

मी इतकं सुंदर काही बघितलं नव्हतं, हे आधी सांगते. काळ्यात जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या पेशी, कडांना मंद उजेड. आणि आत हिरवे ठिपके. काही थरथरत उभे. काही एकदम निघायचे, दोऱ्यावरून मणी सरकावा तसे सरळ रेषेत जायचे, थांबायचे, मागे यायचे, पुन्हा जायचे. पान देठापासून तोडलेलं, तरी आत बाजार भरलेला. एक ठिपका भिंतीपाशी गेला. तिथे आणखी तीन-चार उभेच होते. मग तो अंधुक झाला आणि पलीकडे, शेजारच्या पेशीत, एक उजळला.

"गेला!" ती कुजबुजली. "पाहिलंत? गेला."

पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा हिरवा दिसत होता. लहान मुलीसारखा. मला वाटलं, हे ठिपके नाहीत, मी हसले होते ते एकेक हसणं भिंत ओलांडून चाललंय.

"पोरी," मी म्हणाले, "मी मशेरी लावते."

तिला आधी कळलंच नाही. "काय?"

"मशेरी. तंबाखू. तू विचारलं होतंस तेव्हाही लावायची. घरातल्या रोपांना डाग पडलेत. मी पानं खुडून फेकली."

पडद्यावर ठिपके चालूच होते, त्यांना काय. तिने हात पुढे करून पडदा बंद केला. मग दिवा लावला. मला त्या उजेडात माझी बोटं दिसली आणि मी ती मुठीत घेतली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "भाजलेली की कच्ची?"

"आधी भाजायचे. मग वास येतो म्हणून..."

"म्हणून कच्ची."

"हो."

"म्हणजे मला कळू नये म्हणून," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "भाजली असती तर काही झालं नसतं, आई. जळलं असतं सगळं."

त्या लॅबमध्ये तंबाखूच्याच कुळातलं आणखी एक झाड होतं. त्याच्या पानावर हा रोग चोळला की तो पसरत नाही, जिथल्या तिथे तपकिरी ठिपका पडतो, दोन-तीन दिवसांत. साक्षीदारच म्हणायचा. शुक्रवारी सकाळी तिने माझ्याकडे डबी मागितली. मी गव्हाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून ती काढली, आणि जुन्या भाजलेल्या मशेरीची तळाला चिकटलेली दुसरी डबीही दिली. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "सांगी टाक तिले! ती काय खाई टाकी तुले?"

"सांगितलं," सून म्हणाली.

"आं?"

"सांगितलं, बाबा!" तिने ओरडून सांगितलं. मग समोरच्या गॅलरीतल्या बाईलाही कळलं.

त्या झाडाच्या चार पानांना तिने चार रंगांचे दोरे बांधले, ह्यांच्याच खात्यातले. पांढऱ्या दोऱ्याच्या पानावर नुसतं पाणी चोळलं. काळ्यावर भाजलेली मशेरी, लालवर कच्ची, पिवळ्यावर घरच्या डागाळलेल्या पानाचा रस. हे मला तिने संध्याकाळी सांगितलं, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. ती बोलायची, पण मोजकं. "मीठ कमी आहे." "दूध आलं का?" रोज ती मला चहा द्यायची तसा दिला, बशीत बिस्किटंही ठेवली, आणि मला ती गिळवेनात. मी देवाजवळ काय मागायचं हेही मला कळेना. लाल पान स्वच्छ निघू दे म्हणावं, तर मग माझ्या कबुलीने तिला उगाच घाबरवलं. ठिपके येऊ देत, हे तर म्हणवेना. शेवटी मी नुसतेच हात जोडले आणि देवाला म्हटलं, तू तुझं बघ. त्या दोन दिवसांत मी डबीशिवाय होते. दाढ, डोकं, जबडा, सगळं ठणकत होतं. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "काय बाई, सुनेने हाणलं की काय?" मी म्हटलं, "अजून नाही."

रविवारी ती मला घेऊन गेली. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "चला. एकटीने बघायचं नाहीये मला."

पांढऱ्या दोऱ्याचं पान हिरवंगार. काळ्या दोऱ्याचं हिरवंगार. लाल दोऱ्याचं पान तिने उलटं केलं. तपकिरी, गोल, सुईने टोचल्यासारखे ठिपके. पिवळ्यावर तर मोजवेनात.

तिने पानांचे फोटो काढले. लालचा दोनदा काढला. मग स्टुलावर बसली आणि रडली. आवाज न करता, पदर नसल्याने ओढणीत. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले आणि मधेच थांबले, कुठला हात ठेवू?

"ठेवा," ती म्हणाली. "मला नाही लागत तो रोग."

सोमवारी तिने समितीसमोर ते फोटोच दाखवले. मी विचारलं होतं, "माझं सांगशील का?" ती म्हणाली होती, "कशाने लागला ते सांगावं लागेल." सांगितलं तिने. 'घरातल्या एका व्यक्तीच्या हातून' असं. चार प्रोफेसरांनी मान डोलावली म्हणे, आणि एकाने हळूच आपल्या खिशातली पुडी चाचपली. तिच्या मॅडम मात्र बाहेर आल्यावर कडक बोलल्या. परवानगी त्यांनी दिली होती, त्यांचीही मान खाली गेली. मुदत वाढवून मिळाली, एकदाच. पुढच्या रोपांत झालं तर झालं. नक्कल खरंच भिंत ओलांडते की ती सगळी रोगानेच उघडलेली खिडकी होती, हे आता स्वच्छ रोपांतच कळणार, आणि ती बघायची संधी एकच.

घरची सगळी रोपं आम्ही पोत्यात भरली. तिने ती कॉलेजात नेऊन जाळली. रॅक ह्यांनी साबणाने धुतली, मला हात लावू दिला नाही. माझ्या दोन्ही डब्या आता लॅबच्या कपाटात आहेत, चिठ्ठी चिकटवून, नंबर घालून. सुरतेत राहून आमच्या घरातलं काही कॉलेजच्या नोंदीत गेलं असेल तर ते एवढंच.

कॉलेजातली खोली महिन्याभराने दुरुस्त झाली. बी पेरलं. रोपं कपात लावायची वेळ आली तेव्हा एका रविवारी ती म्हणाली, "आई, येता का? मुलं मोडतात."

मला खरं वाटेना. "मी?"

"तुमच्यासारखं रोप कुणी उचलत नाही. पण मी सांगेन तसं."

खोलीच्या बाहेर बेसिन. साबणाने दोनदा हात, नखं ब्रशने. मग तिने स्टीलच्या वाडग्यात साय काढलेलं दूध ओतलं. दुधाने तो रोग मरगळतो म्हणे, हात त्यात बुडवूनच आत जायचं. मी आयुष्यात पहिल्यांदा दुधात हात घातले असते. काचेच्या दारातून आत ट्रे दिसत होते. बोटाच्या पेराएवढी रोपं, प्रत्येकाला चार पानं, सगळी एकसारखी हिरवी. तिची सगळी तीन वर्षं त्या चार-चार पानांवर.

मी हात दुधाकडे नेले. तिने वाडगा धरून ठेवला, आणि विचारलं. त्याच आवाजात, जसं पहिल्यांदा विचारलं होतं.

"आई, तंबाखू?"

मला हसू येत होतं, तेच ते. चेहऱ्यावर येऊन पोचलंही होतं. शेजारणीने काल दुपारी आपली डबी पुढे केली होती, आणि जवळजवळ दोन महिन्यांनंतर मी एक चिमूट घेतली होती. एकच. नंतर तीनदा साबणाने हात धुतले होते. भाजलेली होती का, ते मी तिला विचारलं नव्हतं.

"काल," मी म्हणाले. "दुपारी. एकदा."

सुनेने वाडगा बाजूला ठेवला. कोपऱ्यातलं स्टूल उचलून काचेच्या दाराबाहेर आणून ठेवलं, त्यावर हाताने धूळ झटकली.

"मग आज इथे बसा," ती म्हणाली. "माझं चुकलं तर काचेवर टकटक करा."

तिने स्वतःचे हात दुधात बुडवले आणि आत गेली. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. तिने पहिलं रोप उचललं, देठाला धरून, आणि मी काचेवर टकटक केली.